देवचारापुढचं गाऱ्हाणं

आचरा, ८ डिसेंबर २०२४

ती. स्व. सत्यवानदादास सुशीलेचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

कानयंत्र कपाटात ठेवून तू फोनवर नुसता हुंकार देतोस, म्हणून ही कागद-शाई. हवालदारकी सुटली, हट्ट काही सुटत नाही!

मोहोर बरा आहे. बागेची राखण करणारी नेपाळची जोडी आठवते ना, टेकबहादूर आणि मनमाया? तो दिवाळीनंतर जास्तीच्या कमाईसाठी एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. ती एकटीच खोपीत राहते. विचारलं की, येतील, एवढंच म्हणते. आमचा कुत्रा मात्र माझ्या भाकरीला तोंड लावीनासा झालाय. रोज सकाळी तिचा शिळा भात खाऊन नुसता सुजलाय.

परवा पोलीस ठाण्यातली किशोरी, कट्टा गावच्या सीतेची लेक, जीप घेऊन आली. बागांतल्या आणि होड्यांवरच्या नेपाळी माणसांना भेटून, घाबरू नका, अडचण असेल तर आम्हाला सांगा, असं सांगत फिरतायत म्हणे. पण जीप दिसताच मनमाया जी पळाली ती थेट काजूच्या रानात! तिन्हीसांजेला मी हाका मारमारून आणली. एवढी कशाला भिते रे ती? तुझा जन्म त्या खात्यात गेला, तूच सांग.

आंबोशी हवी असेल तर लोभ ठेव.

तुझी सुशीला

शिरोडा, १३ डिसेंबर

चि. सुशीलेस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. टोमणेही पोचले, त्यांना यंत्र लागत नाही.

अगो, टोपी बघून आपलाच माणूस मुका होतो, ती तर परमुलखातली. इतकी वर्षं नोकरी केली, पण आपल्या पायांनी, हसत ठाण्यात आलेला माणूस मला आठवत नाही. याचं आता वाईट वाटतं.

किशोरीला सांग, जीप रस्त्यावरच ठेव. ठाण्यात नको, शाळेत नको. तुझ्या बागेत देवचार आहे, सगळ्या बागेची राखण करणारा. त्याच्यापुढे सगळ्यांना बोलाव आणि तिच्या भाषणाआधी, वाडीच्या वतीनं देवाला साकडं घालणाऱ्या लवूकडून त्या माणसांसाठी गाऱ्हाणं घालून घे. देवाजवळ बोलायला कोण भितो?

आणि एक. एकटी बाई रोज कुत्र्याला पुरेल एवढा भात कशाला रांधते? माका असली गोष्ट टोचता गो.

माया कमी करू नकोस. आंबोशी तर मुळीच कमी करू नकोस.

सत्यवान

आचरा, २३ डिसेंबर

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

दादा, तुझ्या तोंडात साखर पडो! काल सगळे जमले. किशोरी साध्या साडीत आली. लवूनं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ही लेकरां डोंगर ओलांडून आमची झाडां राखूक इलीत, त्यांची राखण आता तू कर. वाडीनं एका आवाजात व्हय म्हाराजा म्हटलं. दुसऱ्या खेपेला ती नेपाळी माणसंही म्हणू लागली आणि मनमायेला हुंदका फुटला.

महिना झाला, नवऱ्याचा फोन नाही. ट्रॉलरवाले उडवून लावतात. पोलिसात नाव गेलं तर त्यालाच धरतील आणि दोघांना हाकलतील, असं कुणी मेल्यानं तिच्या डोक्यात भरवलेलं. आज येईल, आज येईल म्हणून बिचारी रोज दोघांचा भात रांधायची आणि त्याच्या वाटणीचा सकाळी कुत्र्याला घालायची.

किशोरीनं तिथेच मांडी घालून सगळं ऐकून घेतलं, कागदपत्रांचं नावसुद्धा काढलं नाही. शोधल्याशिवाय राहत नाही म्हणाली. पण दर्याचा काय भरवसा? तूही देवापुढे दोन शब्द बोल.

तुझी सुशीला

आचरा, ५ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

टेकबहादूर सापडलो रे सापडलो! गोव्यातल्या एका इस्पितळात. दोरखंडात अडकून पाय मोडला, फोन समुद्रात गेला, बायकोचा नंबर पाठ नाही. ट्रॉलरवाल्यांनी तिथे टाकून तोंड फिरवलेलं. किशोरीनं किनाऱ्यावरच्या इस्पितळांना फोन करकरून त्याचा पत्ता लावला आणि काल स्वतः मनमायेला नेऊन त्याला घरी आणलं. ट्रॉलरमालकाला आता ठाण्यात बोलावणं गेलंय. जा म्हणावं!

आज सकाळी मनमाया नारळ घेऊन निघाली, ती कुठे म्हणशील? ठाण्यात, आपल्या पायांनी! मी सोबत होते. किशोरीच्या टेबलावर तिनं नारळ ठेवला, हात जोडले आणि मोडक्यातोडक्या मालवणीत त्या पोरीसाठी गाऱ्हाणं घातलं, की देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या घरचो माणूस दिसभर खंयव गेलो तरी तिन्हीसांजे घराक येवंदे. दादा, टोपीवाले सगळे खुर्च्यांवरून उठले आणि व्हय म्हाराजा म्हणाले. मी तुझ्या वाटणीचंही म्हटलं, शिरोड्यापर्यंत यंत्राविना ऐकू जाईल असं.

तुझ्यासारखा भाऊ देवानं दिला, आणखी काय मागू? असाच राहा.

तुझी सुशीला

ता. क. काल रात्री भात उरला नाही. कुत्र्यानं आज मुकाट्यानं माझी भाकरी खाल्ली.