टायरला बांधलेली बंदूक

वोस, सोमवार

तीर्थरूप गुत्तोर्ममामांना एंड्रेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि बोर्गहिल्डमामी खारवलेलं मटण तुम्हाला बेतानंच वाढत असतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. (हे वाक्य लोक रीत म्हणून लिहितात. मी अनुभवानं लिहितोय.)

पणजोबांची लष्करी बंदूक आणि तुम्ही स्वतः भरलेली काडतुसं मिळाली. आमच्या नेमबाजी मंडळाच्या वर्धापनदिनी पहिला बार मीच काढावा, ही आज्ञाही मिळाली, आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. बंदूक देखणी आहे, वाद नाही. पण नेम धरताना गाल जिथं टेकतो, त्याच्या अगदी शेजारी नळी मागून बंद करणारं ते झाकण. ते शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडाचं, आणि लोखंड आतून कसं आहे हे बाहेरून कळत नाही. (सुन्निवा म्हणते, नवऱ्याचंही तसंच असतं.) नळीचं आतलं माप कळावं म्हणून मी तिच्यातून मऊ शिसं ठोकून काढलं, त्याची जाडी मोजली, भिंग घेऊन चिरा शोधल्या, झाकण हलतंय का ते अंगठ्यानं चाचपलं. किंचित हललं. मीही हललो.

मंडळाचे अध्यक्ष तोर्मोड मजा बघत उभे होते. म्हणाले, "ही बंदूक घेऊन माणसं सरहद्दीवर उभी राहिली, आणि तू खडीच्या खाणीत उभा राहायला घाबरतोस?"

"त्यांनी ती उडवली का?"

"तशी वेळच आली नाही."

मग मी बंदूक ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला आवळून बांधली, तोंड वाळूच्या ढिगाकडे केलं, खटक्याला दोरी लावली आणि मोठ्या खडकामागं जाऊन बसलो. ("आणखी लांब गेलास तर दोरी पोस्टानं पाठवावी लागेल," इति तोर्मोड.) पहिला बार माझ्या काडतुसाचा, त्यात जुन्या पद्धतीची काळी दारू, तीही हात राखून भरलेली. धूर झाला, रिकामी पुंगळी अलगद बाहेर आली, कुठं फुगलेली नाही की चिरलेली नाही. तोर्मोड दोरी सोडायला निघाले. "झालं ना समाधान? आता मामाचं काडतूस घाल आणि माणसासारखी खांद्याला लाव. नाहीतर आण, मी लावतो." मी टायरवर जाऊन बसलो आणि उठलोच नाही. शेवटी कंटाळून तेही खडकामागं आले.

तुमचं काडतूस भरून दोरी ओढली. मामा, तो बंदुकीचा आवाज नव्हता. लोखंडी दार फाटावं तसं काहीतरी झालं. टायर उलटा पडला होता आणि मागचं झाकण जागेवर नव्हतं. ते मागच्या बर्चच्या बुंध्यात रुतलेलं सापडलं, तोर्मोडांच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यांनी हात लावून पाहिला आणि तिथंच खाली बसले. म्हणाले, "कॉफी आहे का?" त्यांचा पेला मला धरावा लागला, आणि माझा कोणी धरला नाही, म्हणून सांडला.

घरी येऊन तुमचं दुसरं काडतूस उघडलं. कोळशाच्या चुऱ्यासारख्या काळ्या दारूऐवजी आत करड्या, चकचकीत पापड्या निघाल्या. ही आजकालच्या बंदुकांची दारू, मामा, काळीपेक्षा कितीतरी पट जोराची. तुम्ही दारू नवी घेतलीत आणि माप जुनंच ठेवलंत.

तुमचा भित्रा, पण अख्खा भाचा,
एंड्रे

ता. क. पणजोबांच्या बंदुकीचे तुकडे सुन्निवानं चांगल्या टेबलक्लॉथमध्ये बांधून ठेवलेत. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ता. क. दुसरा. तुम्ही पत्र शेपटाकडून वाचता, म्हणून मुद्द्याचं इथं लिहितो. तुमच्याकडे याच जातीची दुसरी बंदूक आहे आणि उरलेली काडतुसं घेऊन रविवारी तुम्ही मैदानावर जाणार आहात. जाऊ नका. फोनवर हेच सांगत होतो, तर "भित्रट" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. शनिवारच्या पहिल्या फेरीबोटीनं मी येतोय.

ता. क. तिसरा. मामी, घरातली पाकिटं तुम्हीच फोडता, म्हणून वर मामांचं नाव घालायला मला भीती वाटली नाही. काडतुसांची पेटी आत्ताच शेजारी नेऊन ठेवा, आणि मगच हे पत्र त्यांना द्या.