नंबर लागला का?

युसूफ वडगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरज,

ताईचा आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

दिवाळीपासून तुझा फोन बंद. नंबरच बदललास म्हणे. आपला भागवत पुण्याची ट्रॅव्हल्स चालवतो. तू जेवतोस त्या मेसवर त्याने तुला पाहिलं, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देतेय. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडे आई-दादा ठीक. आईच्या चष्म्याचा नंबर वाढला. केजला डॉक्टरांकडे सकाळी नंबर लावला, तर दुपारी आत घेतलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. हंड्यांचा नंबर लावायला मी जाते आणि भांडायलाही मीच.

लिहिता लिहिता लक्षात आलं, हा एक शब्द आपल्या घरी किती राबतो. शेताला गट नंबर, गाडीला नंबर. शाळेत तुझा पहिला नंबर आला की आई गल्लीभर साखर वाटायची. दादा कुणावर खूश झाले की म्हणायचे, "पोरगं एक नंबर हाय." मला आवडायचा हा शब्द. मग पोलीस भरती आली आणि जो भेटेल तो विचारायला लागला, "नंबर लागला का?" तेव्हा तू ताटावरून उठायचास. मला दिसत होतं रे.

पहिल्या यादीत नाव आलं आणि दादांना दम निघाला नाही. स्टँडवर फ्लेक्स लावला. मधोमध स्टुडिओतला कोट घातलेला तू, खाली अख्ख्या भावकीची नावं. शेवटच्या यादीतून तुझं नाव गेलं, फ्लेक्स मात्र तिथंच राहिला. मग तूही गेलास.

तो फ्लेक्स आता आपल्या कडब्याच्या गंजीवर आहे. दादांनीच उतरवून आणला. फोटोची बाजू आत घातली आहे, वारा सुटला की तुझा कोट दिसतो. एक टोक फाटलं म्हणून आई दुसरी ताडपत्री आणा म्हणाली, तर दादा म्हणाले, राहू दे.

आता खरी बातमी. माझं लग्न ठरलं. लिंबागणेशचा तानाजी. स्वतःचा ट्रॅक्टर आहे, कारखान्यावर ऊस वाहतो. अक्षय्य तृतीयेची तारीख धरली आहे.

इथं पेन खाली ठेवलं होतं. पण लिहूनच टाकते. बोलणीच्या दिवशी पाहुण्यांनी विचारलं, मुलीचा भाऊ कुठं दिसत नाही? दादा म्हणाले, "पोलिसात हाय. बंदोबस्ताला गेलाय." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. एवढा राग आला! पण दादांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. नंतर सुचलं, की आता तू लग्नाला यायचास कसा? आलास तर दादा खोटे पडणार. नाही आलास तर मी सख्खा भाऊ असून बिनभावाची उभी राहणार.

म्हणून आईला न विचारता मी तानाजीला फोन केला. लग्न मोडलं असतं तर मोडलं असतं. तो कारखान्याच्या आवारात होता, उसाच्या गाड्यांच्या रांगेत. मी सगळं सांगून टाकलं, नोकरी नाही, बंदोबस्त नाही, काही नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ तानाजी, नंबर आलाय तुमचा, घ्या की पुढं!" त्याने मागच्या गाडीला पुढे जायला सांगितलं. मग मला म्हणाला, "मला काय वर्दीशी लगीन करायचंय का? तुमचा भाऊ कान पिळायला येणार हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मला हसूही आलं आणि रडूही.

नवऱ्याचा कान पिळला की नवे कपडे मिळतात, म्हणून काकांच्या दोन्ही पोरांनी आत्ताच नंबर लावलाय. दोघांनाही हाकललं मी. माझ्या लग्नात तो मान तुझा. तू नसलास तर भटजी कानपिळ्याला हाक मारतील तेव्हा कुणीही पुढं येणार नाही, आणि ते सगळा मांडव बघेल. ही धमकीच समज.

तुझ्या भरतीचं मला काही वाटत नाही, असं नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण तू घरात नाहीस याचं त्याहून जास्त वाटतं.

तानाजीला खरं ठाऊक आहे, हे काल दादांना सांगितलं. अर्धी भाकरी ठेवून उठले. आज सकाळी मी लिहायला बसले तर दारातून विचारतात, "कुणाला लिवतीस?" मी तुझं नाव घेतलं. चप्पल पायात घालून तसेच उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "त्याला म्हणावं, कान जोरात पीळ. जावई रडला पायजेल."

अक्षय्य तृतीयेपर्यंत याच घरची,
तुझी ताई