राखणीचं कुंड

१२ नोव्हेंबर, बुधवार

रुचिकाचा फोन आला. दिवाळीत आपल्याकडे खोली घेऊन राहिलेली – ती, नवरा आणि सहा वर्षांची मैथिली. आनंदात होती. "काकू, तुमच्या कुंडाचा व्हिडिओ टाकला होता ना, दोन लाख लोकांनी बघितला! सगळे विचारतात कुठे आहे. मी वाट सांगितली सगळ्यांना."

मी "हो का" म्हटलं. फोन ठेवला आणि पायरीवरच बसले.

काय करून बसले आहे ते इथे तरी लिहायला हवं. दुसरं सांगायला कोणी नाही.

खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्याच्या टोकाला ते कुंड. मोठ्या ओहोटीलाच उघडं पडतं. गावातल्या बायका सगळ्या खडकांवरची कालवं कोयतीनं काढतात, पण त्या कुंडातल्या एकाही कालवाला हात लावत नाहीत. बियाणं म्हणून राखलेलं. तिथून बी सुटतं आणि साऱ्या खडपावर बसतं. बाहेरच्या माणसाला ते दाखवायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना माझ्या मैत्रिणीच्या, बायजाच्या आईनं आम्हां दोघींना तिथे नेलं होतं. ओंजळीत समुद्राचं पाणी देऊन वचन घेतलं होतं. चोपन्न वर्षं पाळलं.

आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या पोरीचा हात धरून तिला घेऊन गेले. का? तर ती म्हणाली, "आजी, तू लहान होतीस तेव्हा कुठे खेळायचीस?" एवढंच. रुचिकानं उन्हाचं क्रीम दिलं, ते पाठीला मीच चोळलं. कोवळी पाठ होती. मग माझ्याच हातांनी तिला कुंडात उतरवलं. रुचिका काठावर मोबाइल धरून उभी होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अमावस्येची ओहोटी. पहाटेच उठून गेले.

कुंडात अकरा माणसं. पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात रंग फिरत होते. वास नारळाचा – पण बाटलीतल्या नारळाचा. काठावरच्या काळ्या दगडावर बोटांचे पांढरे ठसे. एकजण कालवांवरच टेकून बसला होता. मी म्हटलं, "इथे उतरू नका." तो म्हणाला, "आंटी, प्रायव्हेट आहे का?"

परत आले.

२३ नोव्हेंबर

पोफळीचं झावळ पडलं तरी वाटतं बायजा आली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आली. नेहमीसारखी मागच्या दारानं, वाटीत सोललेली कालवं घेऊन.

"कुमूताय, पंचायतीत अर्ज द्यायचा हाय. इंग्रजीत लिव, म्हंजे सायब घाबरंल."

"काय लिहू?"

"लिव, पावनी अंगाला मसाला चोळतात नि आमच्या कुंडात मुरत पडतात."

स्वतःच हसली. मीही हसले. मग ती थांबली. "कुनी दाखवलं गो त्यांना? आपल्यातलंच कोन तरी हाय."

मी मान खाली घालून लिहीत राहिले. बोर्डिंगमध्ये सिस्टरनी पट्टी मारून घोटून घेतलेलं माझं अक्षर. आज ओळी चुकल्या, कागद दोनदा बदलला. बायजाला वाटलं, वय झालं माझं.

नंतर वरदला फोन केला. माझा भाचा, अलिबागला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, "मावशी, मोठ्या समुद्रात ते क्रीम पसरून जातं. कुंडात ते पुढच्या भरतीपर्यंत तसंच राहतं. कालवाची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत इतकी बारीक, त्यातली काही रसायनं त्यांना सोसत नाहीत. तुमच्या कुंडात किती गेलंय ते पाणी तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण माणसं उतरायची आधी थांबवा."

मी विचारलं, एकाच मुलीच्या पाठीवरच्या क्रीमनं काय होतं?

"एका मुलीनं काही होत नाही, मावशी. का गं?"

उगाच, म्हटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

बायजाबरोबर गेले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

या दिवसांत कुंडाच्या ओठावर नवं बी धरलेलं असतं. मोहरीएवढे पांढरे ठिपके, दगडावर रांगोळीचे कण सांडल्यासारखे. आज बायजानं बोटानं दगड चाचपला. परत चाचपला. चार-पाच ठिपके, बस्स. खाली तळाशी तोंडं उघडी पडलेली जुनी कालवं आणि एक उलटा खेकडा. क्रीमनं झालं, पायांनी तुडवून झालं, की यंदाचं वर्षच तसं – कोण सांगणार?

बायजा पाण्यात पाय सोडून बसली. "माज्या आयेनं राखलं. मी राखलं. आता पोरींनी काय फोडायचं, दगड?"

तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग काढून घेतला.

९ डिसेंबर, मंगळवार

बायकांनी प्राप्तीला धरलं आहे.

प्राप्ती म्हणजे बायजाची धाकटी सून. हातात मोबाइल असतो, कालवांचे फोटो काढून बोर्लीच्या हॉटेलवाल्यांना पाठवते. नीराबाई सगळ्यांत मोठी, तिनं बोट दाखवलं – मोबाइलवाली हीच, हिनंच वाट सांगितली.

त्यांची रीत आहे. जिच्याकडून चूक झाली तिनं खडपावर सगळ्यांसमोर ती बोलून दाखवायची, समुद्राला नारळ फोडायचा, एक उधाण, म्हणजे पंधरवडाभर, कोयती हातात घ्यायची नाही. मग विषय संपला, पुन्हा कोणी तोंडातून काढत नाही. पण जी नाकारते तिला खडपावर पाय ठेवू देत नाहीत. प्राप्ती तीनदा नाही म्हणाली. तिची कोयती काढून घेतली.

बायजा हे सांगताना वर बघत नव्हती. "माज्या घरची हाय म्हून सोडू काय?"

मी पाणी दिलं तिला. दुसरं काही नाही. पाणी दिलं.

११ डिसेंबर

उद्या सांगते.

१२ डिसेंबर

नाही सांगितलं.

१७ डिसेंबर, बुधवार

पंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक चांगला माणूस, दोनदा वाचला. कुंडाभोवती दोर लावू म्हणाला, आणि बोर्ड – क्रीम लावून पाण्यात उतरू नये, कालवांवर पाय देऊ नये. खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी पाहुण्यांना आधीच सांगायचं, उन्हासाठी लांब बाह्यांचे कपडे घाला. एक हॉटेलवाला उखडला, "मग येणार कोण इथे, कीर्तनाला?" सगळे हसले. पण ग्रामसेवक म्हणाला, "या बाई स्वतः खोल्या देतात आणि त्यांनीच अर्ज लिहिलाय." हॉटेलवाला खाली बसला.

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

प्राप्ती दाराशी उभी होती. तिनंही बघितलं. लगेच नजर वळवली.

बोर्डिंगमध्ये ख्रिश्चन मुली शनिवारी कन्फेशनला रांग लावायच्या. आम्ही हिंदू मुली बाहेर चिंचा खात बसायचो. त्या लाकडी पेटीचा मला फार हेवा वाटायचा – आत जायचं, जाळीपलीकडच्या माणसाला सांगायचं, हलकं होऊन बाहेर यायचं. इथे जाळी नाही. समोर बायजाचा चेहरा असेल.

माझा नवरा हरी गेल्याला सहा वर्षं झाली. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलतं ती बायजा. मागचं दार वाजलं नाही तर? याचीच भीती वाटते. ओरडण्याची नाही.

पण त्या मुलीची कोयती माझ्यामुळे गेली.

२० डिसेंबर, शनिवार

उद्या सकाळी ओहोटीला सगळ्या जमणार आहेत, दोर बांधायला. तेव्हाच सांगायचं. वाडीतला नारळ सोलून पिशवीत ठेवला. वाक्य पाठ केलं: मी दाखवलं, प्राप्तीनं नाही. दहा वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी "मी" शब्दाशी आवाज जातो.

२१ डिसेंबर, रविवार

पोचले तेव्हा नारळ फुटला होता. प्राप्तीनं फोडला होता. आपणच वाट सांगितली, असं सगळ्यांसमोर कबूल केलं तिनं. बायजा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

परतताना प्राप्ती माझ्यापाशी आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "काकी, दिवाळीत त्या पोरीला तुमी कुंडात उतरवली, तवा मी पलीकडच्या दगडाआड व्हते."

"मग तू का गं..."

"तुमचं नाव निघालं तर तो हॉटेलवाला अर्जच फाडील. माजं काय, एक उधाण घरी बसायचं." पदर खोचला तिनं. "तुमी आता गपच ऱ्हावा, काकी. ते जमतं तुमाला."