डोंगरापलीकडच्या टोलीत उघडी राहिलेली शाळा

प्रिय आई,

आज शाळेचा पहिला दिवस होता. घरी आले, गाडी लावली, हातपाय धुतले आणि सवयीने मोबाइल हातात घेतला. तुझं नाव अजून यादीत सगळ्यात वर आहे. बोट तिथपर्यंत गेलं आणि थांबलं. मग वाटलं, फोन लागत नाही तर लिहून तरी सांगावं.

दर वर्षी या संध्याकाळी तू एकच विचारायचीस. शाळा कशी आहे, हजेरी किती लागली, असलं काही नाही. "आज कोण रडलं व?" एवढंच. तर ऐक. आज पहिलीतला एक जण रडला, कारण त्याला बकरीचं पिल्लू वर्गात आणायचं होतं. पिल्लू दाराशी बांधलं आणि तो गप्प झाला. पिल्लू मात्र दुपारपर्यंत ओरडत होतं.

मागच्या वर्षी हे विचारायला तू नव्हतीस. उन्हाळ्यात गेलीस. सेवानिवृत्त झाल्यावरसुद्धा जून जवळ आला की वडनेरच्या तुझ्या जुन्या शाळेवरून चक्कर मारून येणारी तू! शाळा उघडेपर्यंत तरी थांबायचं होतंस की नाही? काऊन गं एवढी घाई?

तुला आठवतं, मला नोकरी लागली तेव्हा तू काय बजावलं होतंस? मी पहिल्यांदा शाळेत निघाले होते. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस आणि मग म्हणालीस, "शाळेत प्रभूचं नाव तोंडानं घेऊ नको बापा. ते सरकारचं घर आहे, सगळ्या जातीधर्माची लेकरं तिथं येतात. तिथं त्याचं नाव हातानं घेजो." तेव्हा मी मान डोलावली. अर्थ कळायला इतकी वर्षं लागली.

तू गेलीस त्याच महिन्यात माझी बदली झाली. गिरडच्या डोंगरापलीकडे गोंडांची एक टोली, छोटी वस्ती आहे, तिथल्या शाळेवर. दोन खोल्या, एक हापसा, चौथीपर्यंतचे वर्ग. रोज हिंगणघाटहून जायचं. मी घरात सांगून टाकलं होतं, की हे वर्ष कसंबसं काढते आणि पुन्हा बदली मागते. जमलं नाही तर नोकरीच सोडते. मनात काही उरलंच नव्हतं, आई.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये शिक्षकांना पुढे बोलावतात ना, तसं मागच्या वर्षीही बोलावलं. सगळे उठले. मी बाकावरच बसून राहिले. तू उजव्या कोपऱ्यात उभी राहायचीस, ती जागा मोकळी दिसत होती. मी मान खाली घातली.

पाळकसाहेब त्या दिवशी प्रभूच्या शेवटच्या जेवणाबद्दल बोलले. आपला प्रभू, ज्याला सगळे गुरुजी म्हणायचे, तो जेवता जेवता उठला, कमरेला पंचा बांधला आणि शिष्यांच्या पायाशी बसून त्यांचे पाय धुतले. पाळकसाहेब म्हणाले, "शिक्षकांनो, आपला गुरू वर्गात असा उतरला होता." मग प्रार्थना झाली. ती झाल्यावर ते सरळ माझ्या बाकापाशी आले. मला उठा म्हणाले नाहीत. स्वतःच वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रभू, हिले उद्यापुरतं बळ दे." बस, इतकंच.

उद्यापुरतं. मी तेवढंच घेऊन गेले.

आमचे मुख्याध्यापक ढोके सर. माणूस भला, पण पार थकलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं, "बाई, लय मनाले लावून घेऊ नका. पोट्टे कमी हायेत. ही शाळा बंद होऊन राह्यली समजा. नाल्यापलीकडच्या शाळेत जोडून टाकतील." तो नाला मी पाहिला होता. पावसाळ्यात मोठा माणूससुद्धा तो ओलांडायला बिचकतो. लहान मुलं काय करणार?

आणि रेश्मा. रेश्मा उईके, तिसरीतली. पहिलीपासून शाळेत येते, पण शाळेत तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. सगळे तिला मुकी म्हणायचे. वर्गातली मुलंही तिला त्याच नावाने हाक मारायची. ती भिंतीला टेकून बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. घरी सगळी बोली गोंडी. माझी मराठी तिच्या कानावर नुसती आदळत होती, हे मला कळायला आठवडे गेले.

मग जुलैतला एक दिवस आला. रात्रभर पाऊस पडून गेला होता. मुलं आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. वर्ग नुकताच झाडलेला, म्हणून ती आत येईनात, पडवीबाहेर उभी राहिली. मी ओरडणार होते, की हापशावर पाय धुऊन या. तोंड उघडलंसुद्धा. आणि कसं कोण जाणे, तो पंचा बांधलेला गुरू डोळ्यांपुढे आला. मी बादली भरून आणली, पायरीवर बसले आणि एकेकाचे पाय धुवायला लागले.

मुलं लाजली, मागे सरली, मग हसायला लागली. ढोके सर दारात उभे राहून बघत होते. "बाई, हे काय करून राह्यल्या तुम्ही?" मी म्हटलं, "वर्ग घाण होईल ना सर."

रेश्माची पाळी आली. तिच्या पायावर पाणी ओतलं तेव्हा ती खाली बघून पुटपुटली, "येर."

मी वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

ती घाबरली. मी बादलीतल्या पाण्याला हात लावून विचारलं, "येर?" पण माझ्या तोंडून ते भलतंच काहीतरी निघालं असावं. कारण ती हसली. खुदकन हसली, आई! आणि तिने मला दुरुस्त केलं. दोनदा. मी बरोबर म्हणेपर्यंत तिने पाय बादलीतून काढला नाही.

त्या दिवसापासून मी तिची विद्यार्थिनी झाले. झाडाला काय म्हणतात, पाखराला काय म्हणतात, कुत्र्याला काय म्हणतात. तिने तिचा शब्द सांगायचा, मी माझा. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी. बाकीची मुलंही सरसावून पुढे आली. ढोके सर एकदा म्हणाले, "बाई, आपण मराठी शिकवाले आलो का गोंडी शिकाले?" मी म्हटलं, "दोन्हीसाठी, सर." पुढच्या आठवड्यात मी पाहिलं, तर तेच आपल्या वर्गात एका मुलाला विचारत होते की पावसाला तुमच्यात काय म्हणतात.

सगळं सोपं झालं असं नको समजूस. दिवाळीनंतर कापूस वेचायला सुरुवात झाली आणि रेश्मा यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात उभी होती, चेहरा कडक. "बाई, धाकल्या दोघाले कोन पाह्यल? आन् तुमच्या शाळेत माह्या पोरीले मुकी म्हनते. मुकीले शिकवून का करता?"

मी म्हटलं, "ती मुकी नाही. एकदा शाळेत येऊन बघा. धाकट्यांनाही घेऊन या."

ती पाठ फिरवून आत गेली. रेश्मा दाराआडून बघत होती. येताना गाडीवर मला रडू आलं. मी प्रभूशी भांडले. म्हटलं, हातानं नाव घेतलं ना तुझं, मग हात रिकामे का पाठवतोस? उत्तर काही आलं नाही. आलं ते फक्त दुसऱ्या दिवशीचं बळ. मी शाळेत गेले, शिकवलं, परत आले. असे बरेच दिवस गेले.

आणि एका सकाळी रेश्मा दारात उभी! कडेवर एक भावंड, हाताशी दुसरं, आणि मागे खिडकीपाशी तिची आई, वेचणीचं फडकं खांद्यावर तसंच. मी तिला आत घेतलं. रेश्माच्या हातात छडी दिली आणि फळ्याकडे बोट दाखवलं. तिने एकेक शब्द वाचला, आधी मराठी, मग गोंडी, आणि वर्ग तिच्यामागे म्हणत गेला. आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होता. तिची आई शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली. मग डोळे पुसून कामावर निघून गेली. रेश्मा त्यानंतर चुकली नाही. धाकटी दोघंही पडवीत खेळायला यायला लागली.

परीक्षा झाल्यावर शाळा बंद करायची की नाही हे बघायला एक साहेब आले. टोलीतल्या आयाबाया जमल्या, पण साहेब काय बोलतात ते त्यांना नीट कळेना, आणि त्या काय म्हणतात ते साहेबांना कळेना. ढोके सर गोंधळले. तेवढ्यात रेश्मा उठली. साहेबांचं बोलणं तिने गोंडीत सांगितलं. मग तिची आई बरंच काही बोलली. रेश्माने ऐकून घेतलं आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "साहेब, आमच्या मायबाया म्हनते, नाल्यातून लेकरं धाडनार नाई. शाळा इथंच पायजे. आन् जे पोरं बाहेरच्या शाळेत टाकले, ते बी आमी परत आनू."

साहेबांनी तिला विचारलं, "तू कितवीत आहेस?"

"आता चौथीत जाईन," ती म्हणाली. आणि मग, जणू ठरूनच गेलंय अशा आवाजात, "याच शाळेत."

मे महिन्यात ढोके सरांचा फोन आला. शाळा राहिली, आई! बंद होणार नाही. मी घरातल्या घरात उभी राहून देवाला हाक मारली.

परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी शिक्षकांना पुढे बोलावलं आणि मला म्हणाले, "यंदाची प्रार्थना तुम्ही करा." मी तुझ्या कोपऱ्यात उभी राहिले. शेजारी एक नवीन पोरगी होती, पहिलीच नेमणूक, आर्वीकडच्या कुठल्याशा गावात. जावं की नाही, असं मला विचारत होती. मी तिचा हात धरला आणि सगळ्यांना सांगितलं, की वर्षभराचं बळ मागू नका, एवढं ओझं पेलवत नाही. उद्यापुरतं मागा. जे लेकरू बोलत नाही, त्याच्यापुढे आधी तुम्ही शिका. आपला गुरू खाली बसला म्हणून लहान झाला नाही. तुम्हीही होणार नाही. आणि ज्या दिवशी काहीच फळ दिसत नाही, त्या दिवशीही शाळेत जा. तो तुमच्या आधी तिथे पोहोचलेला असतो.

मग प्रार्थना केली. ती पोरगी नंतर म्हणाली, "ताई, आता जाईन मी." मला तिच्यात मी दिसले.

आणि आज! आज टोलीने मुलांना वाजतगाजत आणलं. ढोलामागे ढोल. बाहेरच्या शाळांत घातलेली मुलं खरंच परत आली. खोल्या पुरेनात, दोन वर्ग पडवीत बसवले. ढोके सर नवा शर्ट घालून आले होते. रेश्मा नव्या मुलांना रांगेत उभं करत होती, दोन्ही भाषांत दटावत. तिचा धाकटा भाऊ आजपासून पहिलीत.

सुट्टी झाल्यावर तिची आई थांबली. पदर चाचपत म्हणाली, "बाई, दुपारच्याले माह्यासारख्या चार बाया आल्या तं मले बी अक्षर दाखवान का?"

मी म्हटलं, "कोणतं अक्षर आधी शिकायचं?"

ती म्हणाली, "पोरीचं नाव लिवता आलं पायजे."

आई, बदलीचा अर्ज केला होता, तो मी मागे घेतला. हे वचन तुला देते: जोवर या टोलीत एक जरी लेकरू किंवा एक जरी माय अक्षर मागत येईल, तोवर मी तिथे जाईन, आणि प्रभूचं नाव हातानंच घेईन. उद्या दुपारी पहिला तास आहे. सुरुवात 'र' पासून.

तुझीच लेक,
करुणा