फटी बुजवणारे डॉक्टर आणि माझी किटली

त्या सकाळी मी केर काढला, पाणी भरलं, दोन चादरी वाळत घातल्या आणि तुमच्या भावाचे कामावरचे बूट उन्हात ठेवले. (अजून ठेवते. चामड्याला बुरशी लागते म्हणून. भलतंसलतं मनात आणू नका.) तेवढ्यात सुतारबुवा निरोप घेऊन आले, की आज रेल्वेचा डबा शेडबाहेर काढायचाय, चहा जास्त लागेल.

पण आधी रीतीचं लिहिते. ताई, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाऊजींचं कानातलं यंत्र सापडलं का? माझी प्रकृती बरी आहे; डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुम्ही. एकटी पुस्तकं वाचत किती दिवस काढशील, त्या रेल्वेच्या संग्रहालयात जा, तिथे चार माणसं हौसेनं जुने डबे दुरुस्त करतात, असं तुम्हीच म्हणालात. गेले. माणसं चार नाहीत, अकरा आहेत. हौस भरपूर आहे. काम शोधावं लागतं.

आठ महिन्यांत एक डबा झाला. त्यातले तीन महिने, तो मूळचा कोणता लाल होता, यावर बैठका झाल्या. प्रत्येकाच्या टोपीवर पद लिहिलेलं आहे. नुसते उपाध्यक्षच तीन. सुतारबुवांना टोपी मिळाली नाही, म्हणून ते बिचारे काम करतात. मी दोन खिडक्यांचा गंज खरवडला, एक दार घासलं, तेव्हा माझे गुण ओळखून मला चहावर नेमलं.

मग डबा चालवायला शेडपासून फाटकापर्यंत दोनशे फूट रूळ टाकायचे ठरलं. प्रमुख कोण, तर दातांचे निवृत्त डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या दातांतल्या फटी बुजवल्या, आता रुळांच्या बुजवल्या. ऐन थंडीतल्या सकाळी, रुळाला रूळ असा भिडवला की मधून केस जाणार नाही. वर उकिडवं बसून प्रत्येक सांध्यात छोटी बॅटरी मारून बघायचे. (तोंड उघडा म्हणायचे तेवढे राहिले.) मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मध्ये थोडी जागा ठेवावी लागते, लोखंड उन्हानं वाढतं. आमचे हे बत्तीस वर्षं रुळांच्या गँगचे मुकादम होते, थंडीत टाकताना जास्त फट सोडायचे. शिवाय संग्रहालयाच्याच कपाटातलं पुस्तक उघडून पान दाखवलं.

"वहिनी, पुस्तकं वाचून रूळ टाकता येत नाहीत," ते म्हणाले. (डॉक्टर स्वतः पुस्तकावरूनच शिकलेत; त्यांच्या पुस्तकात चित्रं जास्त होती.) "आणि फट ठेवणं म्हणजे कामचुकारपणा."

बत्तीस वर्षांना एका शब्दात निकालात काढलं, ताई. हातात किटली होती, म्हणून मी चहाच ओतला. दोन्ही हात मोकळे असते तर सांगता येत नाही.

तर डबा काढायचा त्या दिवशी दुपारी ऊन तापलं, रूळ वाढले, पुढे जायला जागा नाही, मागे जायला नाही, तेव्हा पोटात कळ आल्यासारखे मधोमध बाजूला वाकले. दहा जणांनी ढकललेला डबा तिथवर आला आणि एक चाक खडीत रुतवून बसला. कुणाला लागलं नाही. टोप्या मात्र बऱ्याच पडल्या. लाल रंग ठरवायला तीन महिने घेणाऱ्यांनी दहा मिनिटांत चौकशी समिती नेमली, प्रमुख पुन्हा डॉक्टरच. त्यांना चौथ्या सांध्यापाशी ओल दिसली. तिथे मी किटलीतलं उरलेलं गरम पाणी ओतलं होतं. झालं, गुन्हेगार सापडला. अध्यक्षांनी (हे निवृत्त हेडमास्तर) सुवाच्य अक्षरात कबुलीजबाब लिहून पुढे केला: सही करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका.

सुतारबुवा कानाशी पुटपुटले, "करून टाका बाई, गाढवांशी काय वाद घालायचा."

मी सही न करता घरी आले. खोटं मी कशाला लिहून देऊ? पण ताई, तुम्हाला म्हणून सांगते. सुतारबुवा रुळावर घण मारतात ना, तो आवाज आला की वाटतं, अजून अर्ध्या तासानं तुमचा भाऊ जेवायला येईल. येणार नाही, हे मला कळतं. तरी तो अर्धा तास बरा जातो. तिथे जाणं बंद झालं तर तेवढाही राहायचा नाही.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, मोठ्यानं सांगा.

तुमची भावजय

ता. क. हे गेले तेव्हा त्यांची निळी वही तुम्ही आठवण म्हणून नेलीत. कोणत्या हवेत किती फट, सगळं त्यात त्यांच्या अक्षरात आहे. तेव्हा मी काही बोलले नाही. ती पाठवाल का? डॉक्टरांच्या नाकासमोर धरायची आहे. लगेच परत करीन.

आणखी ता. क. परत करणार नाही. ती मला जवळ हवी आहे. डॉक्टरांचं निमित्त.

शेवटचं. घरात तिकीट नव्हतं म्हणून पत्र पडून राहिलं, आता पाकीट उघडून लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, एका किटलीनं दोनशे फूट रूळ वाकवल्याचं कबूल करून सही केली, आणि समिती अहवाल वाचायला आत बसल्यावर सुतारबुवांबरोबर पहिल्या सांध्याचे बोल्ट सैल केले, पहारीनं रूळ मागे रेटला, आणि तीन नाण्यांच्या जाडीची फट सोडून पुन्हा आवळले.