ओट्यावरचा पहिला हक्क

मी टेकचंद गोवर्धन रहांगडाले, वय सहासष्ट, धंदा शेती, मूळ गाव कामठा, हल्ली राहणार गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती दगा देते आहे, डोके अजून शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर आधी त्याच्याविरुद्ध भाषण केले असते.

कामठ्याची शेती आणि गोंदियाचे घर पुतण्या खेमराज याला द्यावे. पत्नी रुख्मिणी हिला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि तिच्या स्वयंपाकात खेमराजने सल्ला देऊ नये. पोरगा कष्टाळू आहे. आजारपणात त्याने मला लेकासारखे सांभाळले.

परंतु धानाच्या गिरण्यांमागची माझी मोकळी जागा त्याला मिळणार नाही. तेथे धानाचे गोदाम बांधावे असे त्याच्या मनात आहे. "काका, एवढी जागा रिकामी काऊन ठेवता?" असे तो परवाही म्हणाला. बाबा, ती रिकामी नाही. तू दुपारी तिकडे फिरकत नाहीस, म्हणून तुला तशी दिसते.

तेथे पूर्वी खड्डा होता. गिरण्यांची राख, तुंबलेले पाणी, मेलेली कुत्री. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी कामठ्याच्या शेतीतल्या धानाच्या दोन बांध्या विकून मी तो घेतला, तेव्हा सारे शहर हसले. चार माणसांत बसायला जागा नसेल तर माणसाने स्वातंत्र्य ठेवायचे कोठे, असे मी चौकाचौकांत विचारत होतो. सभेला येणाऱ्याने एक टोपली माती आणावी, असा नियम केला. समोरचे किराणा दुकानदार मुन्नालाल पहिल्याच दिवशी माती ओतून म्हणाले, "भैया, दो टोकरी लाया हूँ, आधा ही बोलना." ते मी विसरलेलो नाही. खड्डा मात्र भरला.

मग भाषणासाठी दगडी ओटा बांधला. त्यावरच्या पहिल्या सभेला गेलो तर ओटाभर कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या. गल्लीतल्या घरांत ऊन उतरत नाही, म्हणून मुरमुरे भाजणाऱ्या नंदाबाईंनी त्या तेथे घातल्या होत्या. मी संतापलो. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"भाऊजी, तुमचं भाषण उद्याही होईन. वड्या आज नाही वाळल्या त बुरशी येईन."

माझी पत्नी त्यांच्याच शेजारी बसून कावळे हाकत होती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी ऊन उतरेपर्यंत थांबलो. वड्या उचलायला आलेल्या बाया तेथेच टेकल्या, त्यांना शोधत पुरुष आले, मागून पोरे आली. एवढी सभा मला कधी मिळाली नव्हती. तेव्हापासून रीत पडली, आधी वड्या, मग भाषण. ही रीत माझ्यामागेही चालावी.

ही जागा रुख्मिणी, नंदाबाई व मुन्नालाल या तिघांच्या स्वाधीन करतो. तिघांचे एकमत झाल्याशिवाय तेथे कुंपण, कुलूप किंवा विक्री होऊ नये. वडीत मीठ किती, यावरही त्यांचे आजवर एकमत झालेले नाही, म्हणून मी निश्चिंत आहे. प्रत्येकाने आपल्यामागे आपल्याइतकाच भांडखोर माणूस नेमावा.

माझी पुस्तके ओट्यामागच्या खोलीत उघडी ठेवावीत. चोरीला गेली तर निदान वाचली जातील. फावडी, घमेली तेथेच असू द्यावीत. गटार दर पावसाळ्यात तुंबते.

माझे प्रेत मसणात नेण्याआधी ओट्यावर ठेवावे, अशी इच्छा आहे. पण त्या दिवशी वड्या वाळत असतील तर उचलू नयेत. मला खाली मातीवर ठेवावे. ती माती लोकांनी डोक्यावरून आणलेली आहे, माझ्यासाठी ती ओट्याहून उंच आहे. शोकसभेत फक्त मुन्नालाल यांनी बोलावे. माझ्या भाषणातला जो अर्धा वेळ त्यांनी कमी करायला सांगितला होता, तो आता त्यांचा.

हा मजकूर मी मोठ्याने वाचला. साक्षीदारांनी तो शेवटपर्यंत ऐकला, हे त्यांचे उपकार.

सही : टेकचंद गोवर्धन रहांगडाले

साक्षीदार : ईश्वरदास बिसेन, शिंपीकाम
साक्षीदार : कवडू मेश्राम, गिरणी कामगार

गोंदिया, जिल्हा भंडारा
१८ जानेवारी १९५९