जामसरनं पोशेरा ब्लॉक केला

पोशेरा, बुधवार

तीर्थस्वरूप जिव्यामामा,

तुषारचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? आम्ही इकडे बरे आहोत (आईचं पुढे येईलच). हे पत्र कागदावर लिहून जीपवाल्याच्या हाती देतोय, कारण फोनवर बोललो तर आई ऐकेल, आणि दुसरी वाट तुम्हीच बंद केलीत.

फोनवरच्या जाहिराती आणि सकाळची गुलाबाची फुलं यांना कंटाळून मी गावाला एकमेकांशी लिहाबोलायला पोशेऱ्याचा स्वतःचा सर्व्हर उभा केला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर मालक कोणी नाही. प्रत्येक गावानं आपला चालवायचा आणि एकमेकांशी जोडायचा. निवृत्त झाल्याझाल्या तुम्ही जामसरचा सुरू केलात. इथं महिनाभर मी एकटाच लिहायचो आणि मीच ते लाइक करायचो. मग रामीकाकूंची शेळी हरवली. त्यांनी फोटो टाकला, तर अख्खा पाडा शोधायला निघाला. शेळी भिकाकाकांच्या गोठ्यात सापडली (ती आपणहून आली, असं काकांचं म्हणणं). त्या दिवसापासून माणसं एकमेकांचं वाचू लागली. कुणाला भाताच्या आवणीला हात कमी पडतात, मोखाड्याच्या बाजाराला कुणाच्या जीपमध्ये जागा आहे, सगळं तिथं कळू लागलं.

आणि मग तुम्ही लिहिलंत, की पोशेऱ्याची नागलीची भाकर दगडासारखी असते. भिकाकाकांनी दिलेलं उत्तर इथं लिहीत नाही. पण तुम्ही एकट्या काकांना ब्लॉक करायचं सोडून सगळा पोशेराच ब्लॉक केलात. त्यात तुमची सख्खी बहीणही गेली.

आईला वाचता येत नाही. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज जिव्या काय बोलला?" मग मी तुमचं वाचून दाखवायचो. ब्लॉक झाला त्या संध्याकाळी मी खरं सांगणार होतो. पण ती हात पुसून, पदर सावरून समोर येऊन बसली. मी नुसताच फोन बघत म्हणालो, मामांचा गुडघा बरा आहे. ती हसली. तेव्हापासून सतरा दिवस तुमचं मीच मनानं रचून वाचतोय, मामा. तुमचा स्वभाव पुष्कळ सुधारलाय.

चुकलो असेन तर रागवा, पण आईला कळू न देता. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
तुषार

ता. क. सोमवारी वाचण्याच्या भरात, तुम्ही येत्या रविवारी येताय असं मी बोलून गेलो. आईनं कोंबडा राखून ठेवलाय.

ता. क. २ त्याच भरात तुम्ही भिकाकाकांची माफीही मागितलीत. काका तेव्हा आमच्याकडेच चहाला बसले होते, आणि ब्लॉकचं मी त्यांनाही सांगितलेलं नाही. (फार सुंदर मागितलीत, त्यांनी डोळे पुसले.) रविवारी ते काही म्हणाले, तर नुसती मान हलवा. बोलू नका.